जुन्या वस्तऱ्याची धार कमानीत गेली असेल तर

दगडावर अर्धा तास घालवला, चामड्याच्या पट्ट्यावर साठ फेऱ्या मारल्या, आणि तरी वस्तरा मधल्या दीड इंचातच दाढी घेतो. टोकाला केस ओढतो, मुठीजवळ नुसता घसरतो. पुन्हा दगड, पुन्हा तेच. काही वस्तऱ्यांचं नेमकं उलटं असतं: दोन्ही बाजू तेज आणि मध्ये बोथट. घरच्या जुन्या पेटीत निघालेला इंग्लंडमधल्या शेफील्डचा किंवा जर्मनीतल्या झोलिंगनचा वस्तरा वापरायला घेतला की ही तक्रार हमखास येते. आणखी बारीक दगड आणून ती जात नाही, कारण दोष धारेच्या बारीकपणात नसतो. धारेची रेघ सरळ नसते आणि दगड सपाट असतो किंवा सपाट असल्याचं आपण धरून चालतो. दोघांची गाठच पडत नाही.

सगळ्यात जास्त वस्तरे एकाच चुकीनं वाया जातात. धार कमानीसारखी दिसली की ती घासून सरळ करायची. धार सरळ असण्याला स्वतंत्र असं महत्त्व नाही. धार आणि पाठ एकमेकींना धरून चालतात का, एवढंच बघायचं. पाठही तशीच कमानीत असेल तर वस्तरा कारखान्यातूनच तसा आला आहे. जुन्या शेफील्ड वस्तऱ्यांत अशी घडण भरपूर सापडते. ती मोडू नये.

पुढे वाचताना घोळ नको म्हणून नावं ठरवून घेऊ. धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड म्हणजे पाठ. मुठीकडचा धारेचा कोपरा म्हणजे टाच, दुसरा म्हणजे टोक. धारेला लागून दोन्ही अंगांना दगडानं पडलेली चमकती अरुंद पट्टी म्हणजे पैलू. दगडाला कोणी सहाण म्हणेल, कोणी पथरी, शेजारचे कानडी बोलणारे साणेकल्लु म्हणतील. इथे दगड म्हटलं तरी पुरे.

आधी ओळख, मग दगड

काचेच्या दुकानातून १० किंवा १२ मिमी जाडीची साधी फ्लोट काच, साधारण ३०० × ३०० मिमी, कडा घासून आणा. त्यासोबत काळा परमनंट मार्कर, दहापट दाखवणारं भिंग आणि व्हर्नियर. बेळगावच्या उद्यमबागेत ओळखीचं मशीन शॉप असेल तर तिथली सरफेस प्लेट (अचूक सपाट पाट) आणि फिलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) यांनी हेच काम आणखी खात्रीनं होतं, पण घरी काच पुरते.

पातं काचेवर अलगद आडवं ठेवा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. मागे ट्यूबलाइट असू दे. धारेखालून उजेड कुठे येतो ते बघा. मग पातं उलटवून दुसरं अंग ठेवा. टाचेवर आणि टोकावर आळीपाळीनं बोटाचा हलका दाब द्या.

टोक आणि टाच उचललेली आणि मधला भाग टेकलेला, तेही दोन्ही अंगांवर सारखंच, आणि धारेच्या रेघेला बाहेरच्या बाजूनं गोलाई असेल तर धारेचं पोट सुटलेलं आहे. दोन्ही अंगांवर मध्येच उजेड दिसला आणि रेघ आत गेलेली असली तर धारेचं पोट खपाटीला गेलेलं आहे. एका अंगावर मध्ये उजेड आणि दुसऱ्या अंगावर दोन्ही टोकांना उजेड, तर धार नाही, अख्खं पातं बाजूला वाकलं आहे. आणि फक्त टाचेपाशीच उजेड असेल तर टाचेजवळ, मुठीच्या अलीकडे, पात्याच्या अंगावर ठेवलेली जाड पट्टी आड येते आहे. या चारही गोष्टींवरचे इलाज वेगळे आहेत, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला केला तर पातं आणखी बिघडतं.

आता मोजमाप. व्हर्नियरच्या जबड्यावर कागदी टेप चिकटवून टाच, मध्य आणि टोक अशा तीन ठिकाणी पाठीची जाडी आणि पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी घ्या. रुंदी पाठीचा जो भाग दगडाला टेकतो तिथून मोजायची, पाठीच्या माथ्यावरून नाही. मग जाडी भागिले रुंदी, गुणिले ५७. आला तो आकडा म्हणजे धारेचा कोन अंशांत. दाढीच्या वस्तऱ्याला १६ ते १७ अंश उत्तम, १५ ते १९ पर्यंत चालतं. १४ च्या खाली धार लवकर मोडते, २० च्या वर ती केसात शिरतच नाही.

समजा एका वस्तऱ्याची जाडी टाचेला ५.४, मध्ये ५.४, टोकाला ५.३ मिमी आहे आणि रुंदी अनुक्रमे १८.०, १८.८, १८.२. कोन येतात १७.१, १६.४ आणि १६.६. धारेला जवळपास पाऊण मिलिमीटरचं पोट आहे, पण कोन सगळीकडे एका अंशाच्या आत. हा निरोगी वस्तरा आहे. दुसऱ्याची जाडी ५.०, ४.२, ४.९ आणि रुंदी १७.८, १७.२, १७.६ असेल तर मध्ये कोन १४ वर आला आणि कडांना १६. इथे धार आणि पाठ दोन्ही मधूनच झिजल्या आहेत. हा वस्तरा हातानं बिघडवलेला आहे.

दगड सपाट आहे का?

वारशानं आलेल्या पथऱ्या बहुधा मधून खोलगट झालेल्या असतात. दगड रुंदीत खोलगट असेल तर त्यावर आडव्या पडलेल्या पात्याची फक्त टाच आणि टोक टेकतात. तीच झिजतात आणि धारेला पोट सुटतं. दगड मधून फुगलेला असेल तर पात्याचा मध्य झिजत राहतो आणि धार खपाटीला जाते. म्हणजे वस्तरा नीट केला आणि दगड तसाच ठेवला तर महिन्याभरात दुखणं परत येणार. ही तक्रार पुन्हा पुन्हा येण्यामागे दगडाइतकं मोठं कारण दुसरं नाही.

दगडावर पेन्सिलीनं आडव्या-उभ्या रेघा आखा. काचेवर ३२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून पसरा (कागदाचा असो की दगडाचा, नंबर जितका मोठा तितकी घासणी बारीक). ऑटो पेंटच्या दुकानात तो कुठल्याही पेठेत मिळतो. दगड त्यावर आठच्या आकड्यात फिरवा. मधल्या रेघा शिल्लक राहिल्या म्हणजे दगड खोलगट आहे. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की पुन्हा आखा, पुन्हा पुसा. सलग दोनदा सगळ्या रेघा एकाच वेळी गेल्या तर दगड सपाट. शेवटी कडा ४५ अंशांत थोड्या मोडा, कारण तीक्ष्ण कडेवर पातं अडकून खाच पडते. मऊ जपानी पाण्याचा दगड प्रत्येक वस्तऱ्यानंतर असा सपाट करावा लागतो. कठीण नैसर्गिक दगडाला वर्षातून एकदा पुरतं.

हार्डवेअरमध्ये मिळणारा विळ्या-कोयत्यांचा खरबरीत कार्बोरंडम दगड वस्तऱ्याला लावू नये. त्याचे ओरखडे १००० नंबरवर काढता काढता पाव मिलिमीटर पोलाद जातं.

पोट सुटलेली धार: दगड नाही, हात बदला

पाठही कमानीत असेल आणि कोन जुळत असतील तर पात्याला हात लावू नका. फेरी बदला. सपाट दगडावर पोटाची धार एका वेळी एकाच ठिकाणी टेकते. सरळ ढकललं तर मध्यच घासला जातो, म्हणून टोक आणि टाच बोथट राहतात. पात्यानं एकाच फेरीत टाचेपासून टोकापर्यंत दगडावर लोळत जायला हवं.

दगड हातात धरा किंवा टेबलाच्या कडेला ठेवा, म्हणजे मूठ दगडाबाहेर मोकळी राहते. सुरुवातीला टाच दगडावर टेकवा, मुठीकडचा हात किंचित खाली. धार पुढे ठेवून ढकलताना पातं मुठीच्या बाजूला सरकवत न्या आणि त्याच वेळी मुठीकडचा हात हळूहळू वर उचला. दगडाच्या शेवटाला पोचताना फक्त टोक टेकलेलं असावं. हात उचलायचा तो जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. जास्त उचलला तर टोकाचा कोपरा गोल होतो. धारेच्या ज्या जागी पोलाद टेकतं त्याच्या बरोबर समोरची पाठही टेकलेलीच हवी. पाठ सुटली की कोन गेला. फेरी संपली की पातं पाठीवरून उलटवा, धारेवरून कधीच नाही.

पैलूंवर दोन्ही अंगांना मार्कर फासा आणि १००० नंबरवर दोनच फेऱ्या मारा. शाई जिथे उरली तिथे दगड पोचत नाही. टोकाला उरली तर हात शेवटी आणखी थोडा उचला, टाचेला उरली तर सुरुवातीला टाचेवर जरा जास्त रेंगाळा. दर दहा फेऱ्यांनी शाई पुन्हा लावा. शाई कंटाळवाणी वाटते, पण हाताला काय चुकतंय ते सांगणारं दुसरं काही नाही.

दाबाचा अंदाज नसेल तर दगड स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून चार फेऱ्या मारून बघा. १००० नंबरवर काटा दोनशे-तीनशे ग्रॅम दाखवेल इतपत दाब ठीक. ४००० वर तो निम्मा आणि ८००० वर पात्याच्या स्वतःच्या वजनाच्या आसपास. दाब वाढला की खोलगट दळलेलं पातळ पातं लवतं, मध्य दगडावरून उचलला जातो किंवा जास्त घासला जातो, आणि नवी कमान तयार होते.

१००० वर किती फेऱ्या, याला ठरावीक आकडा नाही. दोन्ही पैलू धारेवर भेटेपर्यंत. खूण अशी की ट्यूबलाइटखाली धार थेट डोळ्यांसमोर धरली असता चमकणारा एकही ठिपका दिसत नाही आणि टाच, मध्य, टोक तिन्ही ठिकाणी धार कातडीला टेकवून फिरवल्यावर हातावरचे केस कापले जातात. हे झाल्याशिवाय पुढच्या दगडाकडे जाऊ नका. पुढचे दगड फक्त ओरखडे बारीक करतात, न भेटलेले पैलू भेटवत नाहीत. मग ४००० वर वीस-तीस फेऱ्या, ८००० वर तेवढ्याच, १२००० असेल तर दहा-बारा. जाड कापडावर वीस, चामड्यावर पन्नास. चामड्याचा पट्टा अरुंद असेल तर तिथेही हीच लोळणारी तिरकी फेरी, आणि पट्टा ताणलेला. सैल पट्ट्यावर धार गोल होते.

पोट खपाटीला गेलेली धार

अशी घडण कुठलाच कारखाना देत नाही. ही झीज आहे. दगड पात्याहून अरुंद, म्हणजे ७५ मिमी लांबीचं पातं ५० मिमीच्या दगडावर, आणि तिरक्या फेरीत सरकवणं अर्धवट, तर मध्य पूर्ण वेळ दगडावर राहतो आणि कडांना निम्मा वेळ मिळतो. पात्याच्या मध्यावर बोट ठेवून दाबायची सवय हे दुसरं कारण.

दोष किती खोल आहे ते पट्टीनं बघा. स्टीलची पट्टी उजेडासमोर धारेवर अगदी हलकी टेकवा. मधल्या फटीत ०.२ मिमीचं फिलर गेज शिरत नसेल तर काळजी नको. सपाट रुंद दगडावर टाच आणि टोक आधी टेकतात, आधी झिजतात आणि मध्य आपोआप गाठला जातो. शंभर-दीडशे फेऱ्यांत धार सरळ होते. फक्त मध्ये शाई जाईपर्यंत धीर धरायचा आणि तिथे बोटानं दाबायचं नाही. बहुतेक जण इथेच घाई करतात आणि दोष पुन्हा आत ढकलतात.

०.२ च्या वर गेलं तर धार पाडून पुन्हा उभारावी लागते. पाठीला काळ्या इन्सुलेशन टेपचा एक थर लावा. १००० च्या दगडावर पातं काटकोनात उभं धरा, धार खाली, आणि पाव सुरीनं कापावा तसं हलक्या हातानं लांबीत ओढा. पाच ओढी, की पट्टी आणि उजेड. धार सरळ झाली की लगेच थांबा. आता पैलूंमध्ये रुंद सपाट कड आलेली असेल आणि नवे पैलू उभे करायला तीनशे-चारशे फेऱ्या सहज लागतात. टेप झिजून फाटते, दर पन्नास-साठ फेऱ्यांनी बदला. साध्या टेपची जाडी ०.१३ ते ०.१५ मिमी असते. दोन्ही अंगांची मिळून ती कोन साधारण एका अंशानं वाढवते. म्हणून ज्या कामाची सुरुवात टेपवर झाली त्याचा शेवटही टेपवरच, प्रत्येक नव्या दगडाला नवी टेप. मध्येच काढली तर दगड धारेच्या मागे घासत राहतो आणि धारेला लागतच नाही.

वर दिलेल्या दुसऱ्या उदाहरणासारखी पाठही मधून झिजलेली असेल तर रुंद दगड घ्या. पाठीचे उंच राहिलेले भाग टेकतात आणि मध्य त्यांच्या आधारानं वर राहतो. पाठीच्या मध्यापुरतीच जास्त टेप लावून फरक भरून काढण्याचा मोह होतो, पण टेपच्या कडेला पातं डुगडुगतं. ते टाळा.

बाजूला वाकलेलं पातं

इथे फसगत जास्त होते, कारण पैलू बघून धार कमानीत आहे असंच वाटतं. एका अंगावर पैलू मध्ये रुंद आणि कडांना नाहीसा, दुसऱ्या अंगावर बरोबर उलट. पाणी दिलेलं पोलाद वाकवून सरळ होत नाही, तडकतं. फुगलेल्या अंगावर वरचीच लोळणारी फेरी वापरा. आत गेलेल्या अंगावर रुंद दगड मध्यापर्यंत कधीच पोचणार नाही. तिथे २५ ते ३० मिमी रुंदीचा दगड हवा. रुंद दगडाची लांब कड वापरायचाही प्रयत्न करता येतो, कड आधी गोलसर मोडून. तयार वस्तऱ्याचे पैलू दोन अंगांवर वेगळे दिसतील. दिसू द्या. दाढी धार करते, पैलूचं रूप नाही.

टाच उचललेली असेल तर

वर्षानुवर्षांच्या घासण्यानं पातं अरुंद होत जातं आणि एक दिवस टाचेजवळची जाड पट्टी दगडावर चढते. मग टाचेकडची धार हवेत राहते, पुढची झिजत राहते आणि टाचेला आकड्यासारखा कोपरा उरतो. दाढीत तो गाल चिरतो. तात्पुरता उपाय म्हणजे पातं तीस-चाळीस अंश तिरकं धरायचं आणि टाचेकडचे तीन-चार मिलिमीटर दगडाबाहेर ठेवायचे. कायमचा उपाय म्हणजे ४०० नंबरच्या डायमंड प्लेटवर टाचेचा कोपरा गोल करत मागे नेणं, धार जाड पट्टीपासून तीन मिलिमीटर पुढे सुरू होईपर्यंत. ही घासणी पाण्याखाली, थांबत थांबत.

आणि हे काम चाकावर धार लावणाऱ्याकडे किंवा बेंच ग्राइंडरवर देऊ नका. वस्तऱ्याचं पोलाद साधारण दोनशे अंश सेल्सियसच्या आतच पाणी उतरवून, म्हणजे कडक केल्यावर पुन्हा थोडं तापवून, तयार केलेलं असतं. पातळ धार चाकावर क्षणात त्याच्या पुढे तापते. पिवळसर झाक आली म्हणजे धार नरम पडायला लागली, निळी आली म्हणजे तीनशेच्या आसपास गेली. त्या भागाला पुन्हा धार टिकत नाही.

दुरुस्तीनंतर पुन्हा तेच होत असेल तर

मूठ तपासा. जुनी मूठ पिळवटलेली असली तर वस्तरा मिटताना पातं मध्यावर येत नाही आणि धार एका फळीला आपटते. रोज एकाच जागी आपटल्यानं तिथे बारीक कपचे उडतात, आपण ते घासून काढतो, आणि काही महिन्यांत तिथेच खपाट. मूठ मिटून वरून बघा. खिळा सैल असेल तर छोट्या हातोडीनं अगदी हलके ठोके देऊन बसवा.

गंजही हेच काम करतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा पावसाळा वस्तऱ्याला अथणीच्या हवेपेक्षा फार कडक जातो, आणि मिटलेल्या मुठीत ओल अडकते. वापरल्यावर पातं पुसा, चामड्यावर पाच फेऱ्या मारा, पावसाळ्यात मशीन ऑईलचा एक थेंब पातळ पसरवा आणि सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवा. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. कासवाच्या पाठीसारखी दिसणारी मूठ सेल्युलॉइडची असू शकते. तिला कापरासारखा किंवा आंबूस वास येत असेल तर ती आतून सडायला लागली आहे. त्या वाफेत तेल लावलेलं पातंही गंजतं, शेजारचे वस्तरेही. तो वस्तरा वेगळा ठेवा, मूठ बदला आणि तिला उष्णता लावू नका, सेल्युलॉइड भडकतं.

एवढं करूनही एकाच जागी धार राहत नसेल तर चीर आहे का बघा. पात्यावर रॉकेल चोळा, पाच मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची बारीक भुकटी लावा. चिरेत उरलेलं रॉकेल खडूवर रेघ उठवतं. टिचकी मारल्यावर स्वच्छ नादाऐवजी बद्द आवाज येणं हीसुद्धा खूण. चिरलेलं पातं वापरू नये, मग त्यावर छाप कुठलाही असो. गंजाचे खड्डे थेट धारेच्या रेघेवर असतील तर मिलिमीटरभर मागे गेल्यावर स्वच्छ पोलाद लागतं का ते आधी भिंगातून बघा, आणि तेवढी रुंदी कमी धरून कोन पुन्हा काढा. तो १९ च्या वर जात असेल तर घासणं थांबवा.

असा तयार केलेला वस्तरा एकाच माणसानं वापरावा. पट्ट्याच्या चामड्यातलं आणि मुठीच्या खाचेतलं रक्त पुसून जात नाही. सलूनमध्ये अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले ते याचसाठी.